आपली पेठ

फुटबॉलचा सामना जिंकून संयोगिताच्या माहेरची पेठ रस्ताभर नाचत होती आणि त्याच गर्दीत अडकलेल्या रिक्षात तिला कळा येत होत्या.

"म्हटलं होतं ना, नागपूरलाच राहू म्हणून!" नवरा वैतागला.

रिक्षावाला उतरून ओरडला, "भावांनो, ताईला दवाखान्यात न्यायचंय!"

हलग्या थांबल्या. पोरांनी हातात हात गुंफून वाट मोकळी केली. चौघं तर "सरका, सरका" करत दवाखान्यापर्यंत रिक्षापुढे धावले. कळा सोसतानाही संयोगिताला हसू आलं. हे तिचं कोल्हापूर होतं.

तासाभरात मुलगी झाली. खाली थांबलेल्या पोरांना बातमी सांगायला गेलेला नवरा परतला, तो गुलालानं माखून. नर्सबाईंनी त्याला दारातच अडवलं.

तिथूनच तो म्हणाला, "अगं, पेठेला गोलकीपर मिळाली!"

"कुणाच्या पेठेला?" संयोगितानं मुद्दाम विचारलं.

"कुणाच्या म्हणजे? आपल्या!"