कुंदाबाईंच्या नावाचं कार्ड

राजदीपने ब्रश मुठीत आवळला आणि गाईच्या पाठीची रेघ मुद्दाम डगमगवत खाली आणली. रेघ हवी तशी बिघडली. गोठा, भाताच्या तणसावर निजलेला बाळ येशू, शेजारी गाय. एवढं झालं की नाताळचं कार्ड छपाईला पाठवता येणार होतं.

फ्लेक्स येण्याआधी गोंदियात त्याच्या हातच्या पाट्या लोक दुरून ओळखत, असं त्याचं आखीवरेखीव काम. पण दिवाळी झाली की कुष्ठरोग्यांच्या या संस्थेच्या ओसरीवर बसून तो आठवडाभर स्वतःचा चांगला हात वाकडा करी. कार्डं मुंबईला जात, परदेशात जात, संस्थेला देणग्या आणत. पाठीमागे छापलेलं असे, 'चित्र : कुंदाबाई, बऱ्या झालेल्या रुग्ण.' व्यवस्थापक केशोरावांचं दरवर्षी एकच सांगणं, "राजदीप, थोडा बिगाडके निकाल. सफाई दिसली का पेशंटचं वाटत नाही." यंदाचं सातवं वर्ष. चार जणांचं भलंच होतं, कुणाचं काही जात नाही, असं त्याने स्वतःला समजावलं होतं, आणि ते त्याला बऱ्यापैकी पटलंही होतं.

"भाऊ, घडीभर वेळ आहे का जी?"

पायरीशी कुंदाबाई उभ्या होत्या. राजदीपने चटकन चित्रावर कोरा कागद ओढला. सात वर्षांत तो त्यांच्याशी धड दोन शब्द बोलला नव्हता; त्या समोरून आल्या की त्याला नेमकं पाणी प्यायला जायचं असे. आज पायरीवर त्याच उभ्या, उठून जायला वाटच नव्हती.

त्या शेजारी टेकल्या. पिशवीतून मागच्या वर्षीचं कार्ड काढून त्यांनी मांडीवर ठेवलं. उजव्या हाताची तीन बोटं अर्ध्यावरच संपलेली.

"उद्या माझा पोरगा दुधराम मले न्याले येऊन राहिला. दरेकशाहून, सकाळच्या गाडीनं. नातीचं लगन आहे. अकरा वर्सांनी घरी चालली मी."

"अरे वा!" राजदीप म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं.

"ह्या कार्डानं झालं जी. साहेबानं घरी धाडलं होतं. सून आधी नाईच म्हणे. मंग कार्ड पाहून म्हणाली, बुढी चितरं काढते म्हणजे हात पक्के बरे झाले. येऊ द्या." त्यांनी कार्डावरून अंगठा फिरवला. "पण आता मांडवात सारे म्हणतीन, काढून दाखव. नाई जमलं त सून मले मांडवात बसू देईन का? एक चिमणी तरी शिकवून द्या, भाऊ. एकच."

राजदीपचे कान तापले. बाईने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांच्या नावाची परवानगी घेताना केशोरावांनी त्यांना काय सांगितलं, हे त्याने कधी विचारलंसुद्धा नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

त्याने खालमानेने एक चिमणी काढली, दुसरा कागद पुढे केला, ब्रश दिला. कुंदाबाईंनी अंगठा आणि उरलेल्या बोटात तो घट्ट अडकवला, डावा हात आधाराला लावला आणि सावकाश पाठीची रेघ ओढली. मग चोच. मग शेपूट. चिमणी थोडी कोंबडीकडे झुकली होती, पण रेघ कुठेही हलली नव्हती.

"जमलं की हो," राजदीप पुटपुटला.

"जमते त! दारापुढची रांगोळी रोज माझीच राहते."

त्या खुशीत हसल्या. राजदीपला मात्र मान वर करवेना. हाच हात या सातही वर्षं इथेच, या आवारात होता. त्यात ब्रश देऊन पाहावा, असं ना केशोरावांना सुचलं होतं, ना त्याला. आणि आपण त्या हाताची नक्कल करत होतो, तीही चुकीची.

"यंदाचं माझं कसं झालं, पाहू द्या," म्हणत कुंदाबाईंनी कोरा कागद बाजूला केला.

राजदीपला तो धरता आला असता. त्याने धरला नाही. एकदाचं होऊन जाऊ दे, त्याला वाटलं.

त्यांनी गाईची वाकडी पाठ पाहिली. गोठ्याचे डगमगते खांब पाहिले. स्वतःच्या चिमणीकडे पाहिलं, पुन्हा गाईकडे, आणि मग त्यांची नजर राजदीपच्या उजव्या हातावर येऊन थांबली.

"कुंदाबाई, ते मी..." तो म्हणू लागला.

त्यांनी ऑफिसच्या दाराकडे पाहून घेतलं. केशोराव फोनवर होते. त्या जवळ सरकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"हात कवापासून असा थरथरून राहिला, भाऊ? सुरुवातीले माझाबी असाच झाला होता. लाजंपायी मी दोन वर्सं लपवला, म्हणून बोटं गेली. तुमी लाजू नका. इथं दवाई फुकट भेटते."