माहेरचा पदर

दशमीच्या दुपारी बंगालमधल्या काटोयाच्या आमच्या घरी दुर्गेची पाठवणी चालली होती. माझ्या सासूबाईंना, हेमनलिनींना, मुलगी नव्हती. त्यामुळे माहेरपणाला आलेली दुर्गा ही त्यांचीच लेक. विड्याच्या पानानं तिचे गाल पुसत, संदेश मिठाईचा तुकडा ओठांना लावत त्या तिला म्हणाल्या, "खाऊन घे गं. तिकडे कैलासावर नवरा भांगेत, तुला कोण विचारतंय?"

बायका हसल्या. विसर्जनासाठी मूर्ती उचलायला आलेले पुरुष दाराशी खोळंबले होते.

सासूबाई वळल्या आणि तिथेच अडकल्या. देवीच्या हातातलं कमळ खाली पडलं होतं. त्या मातीच्या मुठीत त्यांचा पदर होता.

"खिळ्यात अडकला असेल," सासरे म्हणाले. "ओढ जरा."

"नको, तिची बोटं दुखतील. बौमा, तू सोडव," सासूबाई मला, त्यांच्या सुनेला, म्हणाल्या.

मी हात लावला. खिळा कुठेच नव्हता. माती उबदार होती.

सासूबाईंनी तिची हनुवटी कुरवाळली. "जा बाळा. पुढच्या वर्षी ये."

माझ्या बोटांखाली ती मूठ आणखी घट्ट झाली.