खळ्यावरची कवायत

खुशालरावाच्या डाव्या गुडघ्यात पहिल्या महायुद्धातली, बसऱ्याच्या लढाईतली गोळी अजून तशीच होती. बेचाळीसच्या पावसाळ्यात त्यानं दर्यापूरच्या पंधरा पोट्ट्यांना आपल्या खळ्यावर लपूनछपून कवायत शिकवली. पोट्टे तिरंगा घेऊन बाजारातून निघाले, तेव्हा रांग दोरी लावल्यासारखी सरळ होती. फक्त सगळेच डावा पाय जरासा ओढत चालत होते.

ही कवायत कुण्या लंगड्या शिपायानं शिकवली, हे नव्या फौजदाराला तेवढ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तालुक्यातल्या सातही पेन्शनर शिपायांना कचेरीच्या अंगणात उभं केलं.

“एकेकानं झेंड्याच्या खांबापर्यंत चालून दाखवा. लंगडा निघेल त्याची पेन्शन बंद आणि तुरुंग सुरू.”

खुशालराव हळूच म्हणाला, “मी कबूल होऊन जातो. तुमाले काहून तरास?”

“तू चूप राय,” शेजारचा चंद्रभान म्हणाला. “सगळ्यायच्या मांगं उभा राय.”

चंद्रभान सकाळीच तीन कोस पायी तुडवत आला होता. तो खांबापर्यंत डावा पाय ओढत गेला. त्याच्यामागून उत्तमराव तसाच गेला, आणि मग उरलेले चौघेही. सातवा खुशालराव गेला, तर त्याच्याकडे फौजदारानं पाहिलंसुद्धा नाही.

कपाळाचा घाम पुसून फौजदारानं चपराशाला पाणी आणायला सांगितलं.



चपराशी जन्मात फौजेत गेला नव्हता, फक्त त्याचा पोरगा कालच्या रांगेत होता. पाणी त्यानं डावा पाय ओढतच आणलं.