बादलीतला नर

सकाळी सव्वासहाला वडिलांनी नराला जाळीने टाकीतून उचललं आणि बादलीत सोडलं.

बोटाएवढा मासा. बुटके सिक्लिड, अगदी शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं सांगून दुकानदाराने जोडी गळ्यात मारली होती. काल मादीने टाकीत आडव्या ठेवलेल्या कुंडीत अंडी घातली. रात्रीतून ती पिवळीजर्द झाली आणि नराच्या हात धुऊन मागे लागली. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. वडिलांना बघवेना.

सोफ्यावर झोपलेला मुलगा उठून बसला. "बाबा, बाहेर का काढलंत त्याला?"

"मार खात होता बिचारा. चार दिवस राहू दे. तिचं डोकं थंड झालं की सोडू परत."

"मग नाही घेणार ती. आत आहे तोवर तो तिचा. बाहेरची राखण करायला हवाच असतो तिला. चार दिवसांनी टाकलात तर परका समजून फाडून काढेल."

वडिलांनी बादलीत डोकावून पाहिलं. रविवारी ते मुलाच्या घरी तान्ह्या नातीला बघायला गेले होते. सुनेला दीड महिना धड झोप नव्हती. मुलाच्या हातून दुधाची बाटली सांडली, तेव्हा ती त्याला जे बोलली, ते यांना ऐकवेना. संध्याकाळी त्यांनी मुलाला स्कूटरवर मागे बसवून इकडे आणलं. फक्त चार दिवस, असं सांगून. आज चौथा.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "खोडच आहे तुझ्या बाबांना. भांडण दिसलं की एकाला उचलून आणायचं. मी इतकी वर्षं वाट बघितली, मला नाही कुणी उचलून नेलं."

मुलगा हसला नाही. वडिलांच्या हातातून जाळी घेऊन त्याने नराला परत टाकीत, पानांच्या आडोशाला सोडलं. मादी कुंडीतून निघाली ती थेट त्याच्या अंगावर. नर बाजूला झाला, पण कोपऱ्यात पळाला नाही. मुलगा ते उभ्या उभ्या बघत राहिला. मग शर्ट चढवू लागला.

"सोडायला येतो," वडील किल्ली शोधू लागले.

"नको. एकटाच जातो."

"तिला फोन तरी कर आधी."

"फोन केला तर नको म्हणेल."

तो गेला. वडील टाकीसमोर बसले, उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले. बायकोने दोनदा हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही.

साडेआठपर्यंत मादीने नराला आणखी तीनदा पिटाळलं होतं. दर वेळी तो कुंडीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबत होता. मुलगा एव्हाना पोचला असणार. तिने दार उघडलं की नाही, ते अजून कळलेलं नाही.