वाकवलेली तार

“खरं सांग, काय खाल्लंस?” डॉक्टर खुशनुमा शेख यांनी विचारलं.

खुर्चीत आडवी पडलेली स्नेहल वरच्या दिव्याकडे बघत म्हणाली, “ऊस.”

शेजारी तिचा बाप गोरक्ष उभा होता. घरात यंदा उसाचं कांडंसुद्धा आलं नव्हतं. लेक धडधडीत खोटं बोलत होती, आणि ते कुणाला वाचवायला, हे बापाला बरोबर ठाऊक होतं.

गोरक्ष सातपूरच्या एका कारखान्यात वीस वर्षं स्प्रिंगा बनवत होता. तारेतलं आपल्याला कळतं हा त्याचा अभिमान, आणि तो काही खोटा नव्हता. घरचा मिक्सर, पंखा, शेजारच्या वत्सलाबाईंचं शिलाई मशीन, सगळं त्याच्याच हातचं दुरुस्त झालेलं. त्यामुळे स्नेहलच्या दातांवरची तारही त्याने आपल्याच खात्यातली धरली. पुढे आलेला दात मागे जायला अजून दहा महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा त्याला हसूच आलं. एवढ्याशा कामाला दहा महिने? तिकडे नववीतली पोर हसताना तोंडावर हात धरत होती. एका रविवारी त्याने नोज प्लायर, म्हणजे निमुळत्या तोंडाची पकड, उकळत्या पाण्यातून काढला, लेकीला खिडकीपाशी बसवलं आणि तारेला थोडा बाक दिला. ताण वाढवला की काम लवकर. तिने विश्वासाने आ केला होता. दोन दिवस ठणकलं, तर सुरुवातीला दुखतंच, म्हणून त्याने समजूत घातली. तीन आठवड्यांनी ब्रश करताना तो दात हलला, तेव्हा मात्र त्याची झोप उडाली आणि त्याने डॉक्टरांची वेळ घेतली.

आज आल्या आल्या डॉक्टरांनी स्नेहलला आतल्या खोलीत नेऊन एक्स-रे काढला होता. तोवर गोरक्ष दाराबाहेर थांबला होता, सगळं सांगून टाकायचं असं ठरवून. दार उघडलं आणि तो नुसताच खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला.

आता डॉक्टर लेकीला रागावत होत्या. कडक काही चावायचं नाही, पेरू-सफरचंद बारीक कापून खायचं, प्रत्येक जेवणानंतर ब्रश, तारेच्या वरून आणि खालून, फटींत तो छोटा ब्रश फिरवायचा, किती वेळा सांगितलं? मग त्यांनी समजावलं की दात हाडातून सरकतो. ताण हलका असला तर पुढचं हाड विरघळतं, मागे नवं भरतं, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. जास्त जोर केला तर हाड ऐकत नाही, दाताचं मूळच झिजतं. स्नेहलचं तसंच झालं होतं. तार काढून तीन महिने दाताला विश्रांती द्यायची, मग बघू. दात राहील का, असं गोरक्षने विचारलं. आज सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

स्नेहल उठून बसली होती आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती. गोरक्षला स्वतःची शरम वाटली. कारखान्यात माल बिघडला तर तो पुढे होऊन सांगायचा, माझ्याकडून झालं. इथे लेकीचा दात जायची वेळ आली होती, आणि तो खिशातल्या किल्ल्या चाचपत उभा होता.

दोघं खाली आले. स्नेहलने स्कार्फ बांधला, ती मोटरसायकलवर मागे बसली. चला पप्पा, तुमची सेकंड शिफ्ट आहे, एवढंच म्हणाली. त्याने गाडी चालू केली. इंजिन थोडा वेळ तसंच धडधडत राहिलं. मग त्याने ते बंद केलं, स्नेहलला तिथेच थांबायला सांगितलं आणि जिना चढून परत दवाखान्यात गेला.

डॉक्टर हातमोजे काढत होत्या.

“मॅडम, तिनं ऊस नाही खाल्ला,” तो म्हणाला. “तार मी वाकवली. पकडीनं. माझ्या पोरीला विनाकारण बोलणी बसली.”

डॉक्टरांनी हातमोजे टाकले आणि त्याला बसायला खुर्ची पुढे केली.

“मला माहीत आहे, भाऊ. एक्स-रे काढताना तिनेच सगळं सांगितलं. म्हणाली, पप्पांना आधीच झोप लागत नाही. त्यांना काही बोलू नका, त्यांच्यासमोर मलाच रागवा.”