अ‍ॅपबाहेरची पुस्तकं

"मॅडम, पुस्तकं तुमचीच आहेत. फक्त ती आमच्या अ‍ॅपबाहेर उघडणार नाहीत," असं म्हणून कंपनीच्या माणसाने हसत चहाचा घोट घेतला.

ग्रंथपाल शालिनीताई ढवळेंना त्या हसण्याची किळस आली. वाचनालयातली जुनी, पिवळी पडलेली पुस्तकं त्यांनी आणि मैत्रिणींनी जिवापाड जपून स्कॅन केली होती. ऑनलाइन ग्रंथालय चालवायला म्हणून सगळ्या फाइली विश्वासाने या कंपनीकडे सोपवल्या, स्वतःकडे एक प्रतही ठेवली नाही. आता दृष्टी गेलेल्या बर्वे गुरुजींना तीच पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या यंत्रावर ऐकायची होती आणि यंत्रावर फाइल उघडतच नव्हती.

"मग साध्या फाइली परत द्या. आम्ही दुसरीकडे नेतो."

"तशी सोय नाही. यांना सांगा, घरातल्या कुणाकडून तरी वाचून घ्या."

गुरुजी तिथेच, त्याच्या समोर बसले होते. त्यांनी नुसती मान खाली घातली. शालिनीताई ताडकन उठल्या. अशा माणसाच्या हातात आपण पुस्तकं दिली!

त्यांनी दार उघडलं. "निघा. चहा राहू दे तो."

तो गेल्यावर त्यांनी मैत्रिणींना फोन केले, कपाटातून पहिलं पुस्तक काढलं आणि स्कॅनरवरची धूळ पुसली.

"सगळं पुन्हा?" गुरुजींनी विचारलं.

"पुन्हा. आणि या खेपेला जो मागेल त्याला फाइल द्यायची."

गुरुजींनी चाचपडत खुर्ची पुढे ओढली. "मग पानं मी उलटतो. त्याला काही डोळे लागत नाहीत."