ऐंशीव्या पानावर संपलेली कादंबरी

"ती चुकीची बांधलेली प्रत परत घेऊन ये, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाले होते. बाइंडिंगवाली तिसऱ्या मजल्यावर दम खात उभी राहिली. तिच्या पिशवीत त्याच युद्धकादंबरीची नीट बांधलेली प्रत होती. ही द्यायची, ती घ्यायची.

चूक तिचीच. सोळा-सोळा पानांचे फर्मे टेबलाभोवती क्रमाने रचलेले असतात. फेरी मारत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलायचा, हे तिचं काम. त्या दिवशी बाराव्या तासाला पाय चालत होते, डोळे नव्हते. पाचवा फर्मा राहून गेला आणि फेरी संपताना सगळ्यांच्या शेवटी येऊन बसला. एका वाचकाने प्रकाशकांना फोन करून कादंबरीच्या आगळ्या शैलीचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा मालकांना सारा घोळ कळला.

दार त्या म्हाताऱ्या वाचकानेच उघडलं.

"कारखान्यातून आलीस? ये बाई, ये! काय लेखक आहे! आधी मी वैतागलो. म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का याचं? सैनिक मरतो, आणि पान उलटलं की पठ्ठ्या सुट्टीवर घरी निघालेला! पानांचे आकडेसुद्धा उलटसुलट. शेवटचं पान ऐंशी! आणि हे शेवटचं वाक्य बघ." त्याने बोट ठेवलं. 'आईने दार उघडलं आणि'. "संपली कादंबरी!"

"काका, ती प्रत..." तिने पिशवीत हात घातला.

"आमच्याकडे असंच झालं," तो सावकाश खुर्चीत टेकला. "मुलगा गेल्याची तार आधी आली. त्याचं पत्र अकरा दिवसांनी. सुट्टी मंजूर झालीय म्हणे, येतोच. आमच्या हिला काही केल्या त्याचा क्रम लागेना. मरेपर्यंत कडी वाजली की उठायची. मला वाटायचं, वेड लागलंय हिला. या माणसाने तेच लिहिलंय गं."

तिचा हात पिशवीतच राहिला. घरात कमावणारी ती एकटीच होती.

"तू पुस्तकं बांधतेस, तुला ठाऊक असणार," तो म्हणाला. "लेखकाने हे मुद्दामच केलंय ना?"

"मुद्दामच, काका."

ती जिना उतरली आणि कारखान्याकडे न वळता घरी चालू लागली.